चार तारांची रोजी

हळदीचा कार्यक्रम असो, गणेशोत्सवातली ऑर्केस्ट्राची रात्र असो किंवा एखाद्या कारखान्याचा वार्षिक मेळावा असो, स्टेजवर सगळ्यांच्या नजरा गायकावर असतात. त्यानंतर मान मिळतो कीबोर्डवाल्याला. ढोलकीवर बोटे नाचू लागली की शिट्ट्या पडतात. या सगळ्यांच्या मागे, ड्रमच्या शेजारी, लांब दांडीची गिटार गळ्यात अडकवून एक माणूस उभा असतो. तो गात नाही, पुढे येत नाही. निवेदक त्याचे नाव सर्वांत शेवटी घेतो आणि घाईत असला तर घेतही नाही. हा बास गिटारवाला.

माझ्या हाताखालून शिकून गेलेला एक विद्यार्थी गेली पंधरा वर्षे हे काम करतो. दिवसा त्याचे मोटार रिवाइंडिंगचे छोटे दुकान आहे. संध्याकाळी शटर खाली ओढले की तो बास खांद्याला लावून निघतो. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे नाव इथे देत नाही. पण त्याच्या घरी बसून, त्याच्या अम्मीशी आणि बायकोशी बोलून जे समजले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. आपल्या मोहल्ल्यांत बँडवाले, बँजोवाले, ढोलकीवाले, कव्वालीच्या पार्टीत साथ करणारे अनेक आहेत. त्यांच्याकडे आपण करमणूक म्हणून पाहतो. ते मजुरीचे काम आहे आणि त्यावर घरे चालतात, हे मात्र आपल्या सहसा लक्षात येत नाही.

खर्ज सांभाळणारा

बास म्हणजे खर्ज. ही गोष्ट आपल्याला परकी नाही. तंबोऱ्याची चौथी तार जाड पितळेची असते आणि ती खर्जाचा षड्ज देते. गवई त्या तारेवर विसंबून गातो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती वाद्ये घडवण्यात मुस्लिम कारागिरांच्या कित्येक पिढ्या खपल्या आहेत. सनई-चौघड्यातही एक सनईवाला गत वाजवतो आणि त्याच्या बाजूला बसलेला दुसरा नुसता सूर धरून ठेवतो. वाजवणाऱ्याचे नाव लोकांना ठाऊक असते, सूर धरणाऱ्याचे नसते. ऑर्केस्ट्रातला बासवाला हा त्या सूर धरणाऱ्याचाच आजचा भाऊबंद म्हणायचा. फरक एवढाच की त्याचा सूर गाण्याबरोबर सतत बदलत राहतो.

त्याच्या वाद्याला चार तारा. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर जाड तारेपासून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. पण सगळ्या फार खालच्या सप्तकातल्या. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज घेतला तर तो सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. यावरून हा आवाज किती खोल आहे याचा अंदाज येईल. इतक्या खालच्या स्वराची एक लाट आठ मीटरहून लांब असते. ती भिंतीला वळसा घालून जाते, हवेत लवकर विरत नाही. म्हणून दूरच्या गल्लीत कार्यक्रम सुरू असला की आपल्या घरी शब्द पोचत नाहीत, धम् धम् मात्र पोचते.

त्याचे काम दोन बाजूंनी बांधलेले असते. एका बाजूला ड्रमचा पायाने वाजवायचा ठोका. त्या ठोक्याबरोबर त्याचा स्वर पडला पाहिजे. दुसऱ्या बाजूला कीबोर्डवाल्याची कॉर्ड. त्या कॉर्डचा पाया त्याच्या बोटाखाली असला पाहिजे. गायकाची एखादी जागा चुकली तर लोकांना कळते आणि ते माफही करतात. बासचा एक स्वर चुकला तर काय चुकले हे कोणालाच सांगता येत नाही, पण सगळे गाणे कलल्यासारखे वाटते आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात.

भर कार्यक्रमात गायिका मागे वळून सांगते, "काळी चार नको, काळी पाच घ्या." कीबोर्डवाला पट्टी बदलण्याचे बटण दाबतो आणि आधीच्याच जागी बोटे ठेवून वाजवतो. बासवाल्याकडे बटण नाही. त्याला सबंध गाणे दोन घरे वर सरकवून वाजवावे लागते, तेही पुढच्या मात्रेपासून. शिवाय फर्माईश कोणती येईल याचा नेम नसतो. जुनी कव्वाली, नवे मराठी गाणे, कोळीगीत, लावणी, सगळे डोक्यात तयार ठेवावे लागते. माझा विद्यार्थी शाळेत पाठांतराचा कंटाळा करायचा. आज त्याला शेकडो गाण्यांच्या चाली कागदाशिवाय येतात.

हे वाद्य आले कुठून?

पूर्वी पाश्चात्त्य बँडमध्ये खर्जासाठी माणसाएवढा उंच, उभा धरायचा डबल बास असे. तो गाडीत मावत नसे आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गोंगाटात ऐकू येत नसे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने १९५१ साली गिटारसारखी गळ्यात अडकवता येणारी विजेवरची बास गिटार बाजारात आणली. दांडीवर पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून तिचे नाव ठेवले प्रिसिजन बास. म्हणजे हे वाद्यच मुळी कार्यक्रम करत फिरणाऱ्या वादकांची अडचण ओळखून बनले.

आपल्याकडे ते रुजले ते मुंबईच्या चित्रपटसंगीतातून. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत मोठ्या संख्येने होते. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास वाजवत. त्या काळी पडद्यावर वादकांची नावे येत नसत. परदेशातही फार वेगळे नव्हते. अमेरिकेत मोटाऊन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांत जेम्स जेमरसन याचा बास आहे, पण तबकडीवर त्याचे नाव पहिल्यांदा छापले गेले ते १९७१ साली. १९८३ मध्ये कंपनीच्या पंचविशीचा सोहळा झाला, तेव्हा हा माणूस तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता. त्याच वर्षी तो वारला. आता दिवस थोडे पालटले आहेत. मुंबईत वाढलेली मोहिनी डे ही तरुणी वडिलांकडून बास शिकली आणि आज ती नावानिशी जगभर ओळखली जाते. पण असे नाव लाखात एखाद्याचे. बाकीच्यांचे आयुष्य हॉल, मैदान आणि टेम्पो यांच्यामध्येच जाते.

एका रात्रीचे काम

कार्यक्रम सातचा असला तरी वादक दुपारी चारला निघतात. स्पीकर, स्टँड, वायरींची पेटी, सगळे चढवायचे आणि उतरवायचे. वेगळे हमाल ठेवायला परवडत नाही, म्हणून वादकच हमाल. बास गिटार चार किलोच्या आसपास असते. चार तास गळ्यात राहिली की डावा खांदा भरून येतो. तारा जाड, त्यामुळे बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. पहिल्या वर्षी तर फोड येऊन फुटायचे आणि दुसऱ्या दिवशी दुकानात तांब्याची तार गुंडाळताना झोंबायचे.

दिवसाचे आणि रात्रीचे हे काम एकमेकांचे नातलग आहेत, हे त्यानेच मला दाखवले. बासच्या तारांखाली चुंबक असते आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तीच पुढे स्पीकरपर्यंत जाते. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व हेच. "मॅडम, पंखा काय आणि बास काय, कॉइल जळली तर मीच भरतो," तो हसून म्हणाला. विज्ञानाच्या तासाला मुलांपुढे ठेवण्यासारखे हे उदाहरण आहे.

जागेवर पोचल्यावर साउंड चेक. त्यात गायकाचा माइक पाऊण तास चालतो, बासला दोन मिनिटे मिळतात. मगरिब वाटेत झालेली असते, इशा स्टेजच्या मागे चटई टाकून. मग कार्यक्रम. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने मनाई आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वर्षातल्या मोजक्या सणांच्या दिवशीच, जास्तीत जास्त पंधरा दिवस, सरकार ही मुभा बारापर्यंत वाढवू शकते. दहा वाजले की यजमान म्हणतात, अजून एक गाणे. पोलीस दारात उभे असतात. दोन्हीकडून ओरडा वादकच खातात.

जेवण हा आणखी एक विषय. पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर, सामान बांधून झाल्यावर वादकांना विचारले जाते. तोवर भात गार आणि रस्सा तळाला गेलेला. घरी पोचायला दोन-अडीच वाजतात. सकाळी नऊला दुकान उघडायचे असते.

हंगाम आणि हिशेब

कार्यक्रमाच्या बोलीला सुपारी म्हणतात आणि एका कार्यक्रमाच्या मोबदल्याला नाइट. नाइट सगळ्यांची सारखी नसते. गायकांची सर्वांत जास्त, मग कीबोर्ड, मग तालवाद्ये. बास शेवटच्या रांगेत. लग्नसराई, गावोगावच्या जत्रा, गणपती, नवरात्र हे कमाईचे महिने. पावसाळ्यात हात रिकामे.

रमजानमध्ये तो सुपारी घेत नाही. हा त्याचा स्वतःचा नियम. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि या घराचा हिशेबही त्याच्याबरोबर सरकतो. २०१९ साली रमजान मे महिन्यात आला, म्हणजे ऐन लग्नसराईत, आणि वर्षाची निम्मी कमाई हुकली. २०२५ साली तो मार्चमध्ये आल्याने एप्रिल-मे मोकळे मिळाले. त्याची बायको मला भिंतीवरचे कॅलेंडर दाखवत म्हणाली, "लोग चांद देखके ईद गिनते, हम चांद देखके किराना गिनते."

सर्वांत कठीण गेले २०२० हे साल. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा लग्नसराई दारात होती. घेतलेले बयाणे परत करावे लागले. लोकांचे पंखे मात्र उन्हाळ्यात जळतच होते, म्हणून मुभा मिळाल्यावर दुकानाने हात दिला. त्याने ॲम्प्लिफायर विकला, बास विकली नाही. ज्यांच्याकडे दुसरे कसब नव्हते असे त्याचे दोन साथीदार भाजीच्या गाडीवर गेले ते परत वाजवायला आलेच नाहीत.

दुसरे संकट हळूहळू आले. यजमानाने पैसे कमी करा म्हटले की पहिला बासवाला कमी होतो. कीबोर्डच्या डाव्या हाताने खर्ज वाजवता येतो, ऑक्टोपॅडमध्येही तसा आवाज भरता येतो. आता तर सगळे संगीत आधीच ध्वनिमुद्रित करून त्यावर नुसता गायक उभा करतात. माणसाच्या जागी यंत्र आणण्याची ही खटपट जुनीच आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचे बास वाजवणारे यंत्र काढले. ते खऱ्या बाससारखे वाटेना, म्हणून काही वर्षांत बंद पडले. पण मुंबईचे चरणजीत सिंग यांनी तेच यंत्र हाताशी धरून १९८२ साली दहा रागांची एक तबकडी काढली. ते चित्रपटसंगीतातले वादक होते आणि लग्नसमारंभांतही गाणी वाजवत. त्या वेळी तबकडीकडे कोणी पाहिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर तिची चर्चा झाली. २०१५ साली ते वारले. यंत्र आले म्हणून वादकाने हात टेकायचे की ते शिकून घ्यायचे, याचे एक उत्तर त्यांच्याकडे सापडते. माझ्या विद्यार्थ्यानेही गेल्या दोन वर्षांत संगणकावर ट्रॅक तयार करायला शिकून घेतले आहे. ज्या कामामुळे त्याची नाइट गेली, त्याच कामाचे त्याला आता थोडेफार पैसे मिळतात.

घरातली बाजू

त्याच्या लग्नाच्या वेळी अडचण आली होती. मुलीकडच्यांनी विचारले, मुलगा काय करतो? अम्मीने रिवाइंडिंगचे दुकान सांगितले, वाजवण्याचे सांगितले नाही. तोच पुढे होऊन म्हणाला की दोन्ही सांगा. एक स्थळ मोडले, दुसरे जमले. अम्मी आजही म्हणते, "रातभर बाहर रहता, मॅडम. ये कैसा काम? उसकू जरा समजाओ." तिची काळजी खोटी नाही. रात्रीचा प्रवास, झोपेची नासाडी आणि या धंद्यात सहज हाताशी येणारी व्यसने. तो स्वतः दारूच्या मैफलीत थांबत नाही, सामान भरले की निघतो. पण दरवेळी "एक घोट" म्हणणाऱ्याला नकार देणे हेही एक कामच आहे.

संगीताबद्दल आपल्या समाजात मतभेद आहेत. काही घरांत लग्नालाही वाद्य वाजत नाही, काही घरांत कव्वालीशिवाय उरूस पुरा होत नाही. त्याचा निवाडा आलिम मंडळींनी करावा, तो शिक्षिकेचा प्रांत नाही. माझा मुद्दा एवढाच की जो माणूस घाम गाळून, वेळ पाळून, कोणाला न फसवता घर चालवतो, त्याच्या मुलांना शाळेत "बाजेवाल्याची पोरं" म्हणून चिडवले जाऊ नये. त्याची मुलगी चौथीत आहे. वर्गात वडिलांचा व्यवसाय लिहायला सांगितला, तेव्हा तिने लिहिले: दुकान आणि बास.

बायकोची तक्रार वेगळीच. बासच्या तारांचा नवा संच महाग असतो. म्हणून वादक जुन्या तारा पाण्यात उकळतात. बोटांचा मळ निघतो आणि आवाज काही दिवस पुन्हा उजळतो. "सगळी पातेली सोडून याला दुधाचंच पातेलं दिसतं," ती म्हणाली. आता तारांचे पातेले वेगळे ठेवले आहे.

कानाची काळजी

बासवाल्याचा एक कान कायम ड्रमच्या झांजांकडे असतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित धरला जातो. पुढे दर तीन डेसिबल वाढले की ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात. स्टेजवर हा आकडा सहज गाठला जातो. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखे होणे ही धोक्याची सूचना आहे. गेलेले ऐकू येणे परत येत नाही. कानात घालायचे रबरी बोळे स्वस्त असतात आणि ते घातले तरी खर्ज अंगाला जाणवत राहतो. ज्यांच्या घरात कोणी वाजवणारे आहे, त्यांनी वर्षातून एकदा त्याची श्रवणतपासणी करून घ्यावी.

मुलगा गिटार मागतो तेव्हा

पालकसभेत आया मला विचारतात, मुलगा गिटारचा हट्ट धरतो, काय करू? माझे सांगणे असे असते. शिकू द्या, पण दहावी-बारावी आणि हाताला दुसरे एक कसब, या दोन गोष्टी आधी कबूल करून घ्या. वाजवण्याचे पैसे हंगामी आहेत, घरभाडे बारमाही आहे.

जे आधीच या कामात आहेत त्यांनी काही सवयी लावून घ्याव्यात. सुपारी तोंडी न ठेवता दोन ओळी का होईना लिहून घ्याव्यात: तारीख, वेळ, जागा, नाइट, बयाणा, प्रवासखर्च, कार्यक्रम रद्द झाला तर काय. बयाणा हातात आल्याशिवाय तारीख अडकवू नये. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर २०२१ पासून नोंदणी होते, ती करून कार्ड घ्यावे. महाराष्ट्र शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. त्यासाठी पन्नाशी ओलांडलेली असावी लागते आणि कलाक्षेत्रातल्या दीर्घ कामाचा पुरावा दाखवावा लागतो. आपल्या वादकांकडे नेमका तोच नसतो. म्हणून कार्यक्रमाची पत्रके, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणे, मंडळांची प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. हे काम घरातल्या शिकलेल्या मुलीने हाती घ्यावे. आज पंचविशीत ठेवलेला कागद पन्नाशीत उपयोगी पडेल.

आणि आपण जेव्हा यजमान असतो तेव्हाचे एक सांगून थांबते. आपल्या घरच्या कार्यात कोणी वादक आले, मग ते बँडचे असोत, कव्वालीचे असोत की ऑर्केस्ट्राचे, त्यांच्या जेवणाची वेळ कार्यक्रमाआधी ठेवा आणि ठरलेले पैसे ते निघण्याआधी हातात द्या. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. स्टेजवर सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसालाही ती लागू होते.